नवव्या ओळीतली सही

१२ मार्च

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. खोलीतला नळ दुरुस्त झाला. हाताचा भाजलेला भाग ओला करू नका, तुम्ही ऐकणार नाही हे माहीत असूनही लिहिते.

कार्यालयात राज्यभरातल्या अग्निशमन केंद्रांची पडताळणी चालू आहे. पगारी केंद्रं एका कपाटात, स्वयंसेवकांची दुसऱ्या. हे काम मी मागून घेतलं. माझे वडील तीस वर्षं बिनपगारी आगी विझवतात, हे सगळ्यांना सांगून झालं होतं.

परवा आपल्या गावची यादी हातात आली. वखारीच्या आगीत शहराची गाडी उशिरा का निघाली, तेही त्यातच कळलं. केंद्रात दहा माणसं असली की शहरातून गाडी आपोआप निघत नाही, मागवावी लागते. नियंत्रण कक्षाला यादीत अकरा दिसले. पोचलात तुम्ही तिघं. गाडी मागवेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि रखवालदार आतच राहिला. तुम्ही मागवायला का थांबलात, ते मी विचारत नाही.

यादीत मास्तर आहेत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलाकडे राहायला गेलेले न्हावीकाका आहेत. नवव्या ओळीत मी आहे, दर रविवारी सरावाला हजर. सही तुमच्या अक्षरात.

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "काय गं, भूत पाहिलंस का?"

म्हटलं, "नाही, स्वतःला."

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "दहाच्या खाली गेलो की बंब काढून नेतात, पोरी. मग गावाला कोण? एवढं एक पान तुझ्या हातात आहे ना?" मी म्हटलं, अजून पाहिलं नाही.

खोटं बोलले, बाबा. पान काल सकाळीच साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. तुमचं म्हणणं मला कळतं, म्हणून तर फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

बुधवारी चौकशीला माणसं येतील. त्याआधी रखवालदाराच्या बायकोकडे जा. तिला हे तुमच्या तोंडून कळू दे.

शनिवारी मी येते. दार उघडायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी ओट्यावर बसेन.

तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचीच,
थोरली