पुढनं शाकारलेलं घर

माघ शुद्ध द्वादशी, शके १८३५. सुपा.

अक्काचा नातू पुंडलिक बेळगावासनं आला. लोंढ्यापर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी. अंगभर तांबडा धुरळा, पण काखेतली पेटी खाली ठेवीना. मी म्हटलं, अरे आत पोर निजलंय काय? तर म्हणाला, काचा हायत धाकल्या आजी, फुटल्या तर माझा मालक मला फोडंल. फोटू काढायच्या दुकानात असतो तो. लहानपणी पेजेचं वाडगं बघून भोकाड पसरायचा, आता मिशी फुटली. वाडगं मात्र आजबी तसंच पुढं सारलं. माझी सून, तुकारामाची बायको, हसून हसून भिंतीला टेकली.

अक्का म्हणजे माझी थोरली जाव. घाटावरच्या पेठेतल्या घरात आम्ही दोघी एकाच चुलीवर म्हाताऱ्या झालो. मग तिला तिच्या लेकानं बेळगावला नेलं आणि मला माझ्या तुकारामानं सुप्याला आणलं. आता ती अंथरुणाला खिळलीय. खात न्हाई. पेज तोंडाशी नेली की मान फिरवते. पुंडलिकाला म्हणाली म्हणं, "घर बघितल्याबिगर मी जायची न्हाई, आणि बघायला उठवत न्हाई. तुझ्या पेटीत भरून आण."

आता आली का पंचाईत. त्या घराचं छप्पर बसून कैक पावसाळे झाले. अक्काच्या जिवाला लागंल म्हणून कुणी सांगितलंच न्हाई. इकडनं जो जातो तो सांगतो, घर बेस हाय, तुळशीला रोज दिवा लागतो. मीबी तसंच सांगून पाठवायची. वर म्हणायची, परसातला फणस औंदा लई धरलाय. फणसाचं तेवढं खरं हाय.

माघ पौर्णिमा

घरात वाद. तुकाराम म्हणाला, खरं काय ते सांगून टाका, किती दिवस लपवणार. त्यानं अक्काचा हात धरून तिला गाडीत चढवलं न्हाई, त्याला काय ठाऊक. गाडी नाक्यापुढनं वळेपर्यंत ती मागं बघत होती. मला म्हणाली होती, दार लोटून घेऊ नको गं.

पुंडलिक (पुढं नुसतं पुं. लिहिणार, हात दुखतो) काचा पुसत होता. मग म्हणाला, काका, ती आधीच खायची थांबलीय. छप्पर बसलेलं दाखवलं तर... तेवढंच बोलला. तुकाराम उठून गोठ्यात गेला.

मी आत जाऊन ट्रंक उघडली. अंजिरी लुगडं काढलं. सून म्हणाली, आत्या, हे कशाला? मी म्हटलं, फोटूत मी घरात राहते तशी दिसायला नको?

माघ वद्य द्वितीया. पेठ.

पहाटे गाडी जोडली, ऊन डोक्यावर आलं तवा पोचलो. सून म्हणाली गाडीत निजा. कोण निजतं. कवापासनं ही वाट बघितली न्हाई.

काय लिहू. लग्न होऊन आले तवा इथं रात्री पाय ठेवायला जागा नसायची. घाटाखालनं मीठ वर यायचं, वरनं तांदूळ, मिरची खाली जायची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दोन वळणं आधी ऐकू यायचा आणि अक्का चुलीत लाकूड सारायची. नाक्यावर आमचे हे जकातीसाठी बैल मोजायला होते. मग घाटात क्यासलराक ठेसनाला आगगाडी आली. मीठ गाडीत बसून जायला लागलं, बैल कमी झाले, मग वाणी गेला, सोनार गेला, मग हिवतापानं राहिलेल्यांना हाकललं. आता पेठेत एकटा देऊ कुणबी राहतो, म्हातारा. म्हणतो, मी गेलो तर माकडं म्हणतील पेठ आमची.

पुं.ला सगळं दाखवत फिरले. हा नाका. ही धर्मशाळा, हिच्या ओट्यावर वणजारणी बसून मला गोंदवायला ये म्हणायच्या, अक्का डोळे वटारायची. धर्मशाळेतनं आता उंबराचं झाड वर आलंय. पुं. खुळ्यासारखा बघत राहिला. तिपाई उभी केली, काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि त्या पडक्या नाक्याचाच फोटू काढला. मी म्हटलं, अरे पडकं कशाला काढतोस, बघणारा म्हणंल काय आमच्या गावाला. म्हणाला, "धाकल्या आजी, पुढच्या पावसानंतर हेबी न्हाई राहायचं."

मग घर. दर्शनी भिंत उभी हाय, चौकट हाय, दाराच्या फळ्या हायत, तुळस वाळली तरी कट्टा शाबूत. छप्पर सगळं आत पडलेलं. माजघर म्हणजे आमचं अंधारकोठार. भर दुपारी तिथं दिवा लागायचा. अक्का दिव्याबिगर जायची, हातानं चाचपून बरोबर तांदळाच्या रांजणाशी. तिथं आता ऊन पडलंय आणि वाळका टाकळा उभा हाय.

ह्यांनी मला पावसाळ्यात त्याच माजघरात अक्षरं शिकवली, भिंतीवर कोळशानं. दिवा धरायला अक्का. तिला म्हणायचे तूबी शीक, ती म्हणायची मला एवढा वेळ न्हाई बाई. सगळं धुऊन गेलंय. कोनाड्याखाली तेवढा एक ग राहिलाय. माझा. पुं.ला म्हटलं, ह्याचा काढशील? उजेड बघून म्हणाला, येईल, छप्पर न्हाई म्हणून येईल.

मग देऊच्या पडवीत नाचणीची भाकरी, आंबाड्याची भाजी. लई खाल्लं.

माघ वद्य चतुर्थी

युक्ती माझी. म्हणजे अर्धी देऊची. मी विचारलं, देऊ, पेटीला एका वेळी किती दिसतं? म्हणाला मला काय ठाऊक वैनी, ह्याला विचार. पुं. म्हणाला, समोरचं दिसतं, मागचं न्हाई. झालं तर. मग छपराची पुढची पाखी तेवढी शाकारू.

देऊनं बांबू तोडले, करडाचं गवत त्याचं कापून ठेवलेलं होतं गाईंसाठी. गाई रुसतील म्हणाला, पण दिलं. तुकाराम (रागावलेला तरी आला होता, गाडी हाकायला म्हणून) खालनं पेंढ्या फेकत होता. थोड्या वेळानं बघते तर वर चढून बसलाय आणि देऊला सांगतोय, असं नको तसं बांध, आमच्या घराला झालर असायची. लहानपणी त्या झालरीत चिमण्यांची अंडी शोधायचा तो.

मी अंगण सारवलं. शेण देऊच्या गाईचं. भिंतीला काव दिली. रांगोळी तांदळाच्या पिठाची. कट्ट्यात देऊच्या दारची तुळस आणून लावली, ती मान टाकून बसलीय, पाणी घातलंय.

सारवताना हसू येत होतं. अक्का मला कायम बोलायची, गंगी तोंड तेवढं सारवते. पुढचं अंगण आरशासारखं आणि मागं परसात बघावं तर कोंबड्यांनी उकरलेलं तसंच. सासूबाईंपुढं पण सांगायची मेली. मग माझं परसू तीच सारवायची, बडबडत.

माघ वद्य पंचमी

आज काढला फोटू.

आधी मला काळ्या फडक्याखाली घेतलं. बया. काचेवर आमचं घर, पण उलटं. तुळस वर, छप्पर खाली, आणि आभाळ सगळ्याच्या तळाला, जसं काय घर वटवाघळासारखं टांगलंय. देऊ खाली डोकं वर पाय चालत होता. मी एवढी हसले की फडकं निसटलं. पुं. म्हणाला, तुला दुकानात घेऊन जातो, गिऱ्हाइकं हसवायला.

दारावरनं थोडं वाजलं. पुं. म्हणाला, आजी, दार मिटून घेऊया, आतनं उजेड दिसतोय. मी म्हटलं, अरे, दिवसाचं दार मिटलेलं म्हणजे घर टाकलेलं. सुप्यात बघ, कडक उन्हात सुद्धा कोण दार लोटून घेत न्हाई. अक्का पहिलं दारच बघंल. तिनं जाताना तेवढंच सांगितलं होतं मला. तो दोनदा म्हणाला, आजी, उजेड. मी म्हटलं, उजेड वाईट असतो काय. तुकाराम माझ्या बाजूनं झाला, म्हणाला दार उघडंच पाहिजे. मग पुं. तिपाईकडं गेला.

मी अंजिरी लुगडं नेसून तुळशीजवळ उभी, हातात निरांजन. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. बोलायचं न्हाई हे लई कठीण गेलं. देऊचं कुत्रं मात्र नेमकं तवाच अंग खाजवायला लागलं. पुं. म्हणाला तिथं नुसता धूर उमटणार. तुकाराम म्हणाला बरंच हाय, चुलीचा वाटंल.

माघ वद्य सप्तमी. सुपा.

पुं. गेला. काचा लुगड्यात गुंडाळून दिल्या, माझं जुनं मऊ. म्हणाला बेळगावात अंधारात धुतल्या की कळंल. चार फणसाचे पापड अक्काला दिले. म्हटलं पेजेबरोबर दे, म्हणावं परसातल्या फणसाचे.

निघताना पाया पडला आणि म्हणाला, "तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई, धाकल्या आजी."

मी म्हटलं, विचारायचीच न्हाई ती.

फाल्गुन शुद्ध एकादशी

काही कळलं न्हाई. शिमग्याचे ढोल तापवायला लागलेत. लोंढ्याकडनं आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला विचारते. एक म्हणाला, आजी, बेळगावात काय एकच म्हातारी हाय का?

आज उगाच पेठेतला शिमगा आठवला. राधा नाचायला यायची नाक्यासमोर. म्हणजे राधा कसली, वाण्याचा मिशीवाला भाऊ लुगडं नेसून. अक्का पदर तोंडात कोंबून हसायची आणि मग त्याला नारळ द्यायला मला पुढं ढकलायची.

काल सुप्याच्या बाजारातबी दोन दुकानं बंद झालेली दिसली. इथंबी तसंच होईल का कुणाला ठाऊक. नको ते डोक्यात येतं. फोटू बघून तिला... नको. लिहीत न्हाई.

फाल्गुन वद्य तृतीया

पुं. आला. गाडीतनं उतरायच्या आधी मी त्याचं तोंड बघितलं. रडका न्हाई दिसला. मग जीव भांड्यात पडला आणि चूल पेटवली.

फोटू आणलाय. जाड पुठ्ठ्यावर. लई बेस आलाय, छप्पर तर नवंकोरं, झालरसुद्धा. मी जरा ठेंगणी दिसते. कुत्र्याच्या जागी धूर. पण दारात बघितलं. दारात काळोख पाहिजे होता आमच्या माजघराचा. तिथं पांढरंफेक. त्या पांढऱ्यात एक फांदी पण आलीय, फणसाची, पानंसुद्धा मोजून घ्यावीत अशी. घराच्या आत फणस.

पुं. म्हणाला, अक्काला उशाला टेकवून बसवलं, खिडकीच्या उजेडात फोटू हातात दिला. किती वेळ बघत होती. बोट फिरवलं छपरावरनं, तुळशीवरनं, माझ्यावरनं, मग दारावर ठेवलं ते ठेवलंच. म्हणाली, "माजघरात ऊन पडलंय की रे."

तिच्या लेकानं मान खाली घातली.

मग म्हणं तिचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं रडतेय. बघतात तर हसतेय. खोकला येईस्तोवर हसली. म्हणाली, "पुढचं तेवढं शाकारलंय गंगीनं. तोंड तेवढं सारवायची खोड काय जायची न्हाई हिची." आणि पेज मागितली. फणसाचा पापड मोडून घातला तीत. दुसऱ्या दिवशीबी मागितली.

आणि निरोप. पुं.नं दोनदा म्हणून घेतला होता तिच्याकडनं, चुकू नये म्हणून. "सांग तिला, मागचंबी शाकार. पाडव्याला येणार मी."

मी पुं.ला म्हटलं, ती उठून बसते तरी का? म्हणाला, बसते, थोडा वेळ. वैद्य न्हाई म्हणतो. बाबा न्हाई म्हणतात. ती कुणाचं ऐकते?

तुकारामाला सांगितलं. तो जाऊन कोयत्याला धार लावत बसला.

फाल्गुन वद्य दशमी. पेठ.

आम्ही सगळे इथं. देऊच्या गाई आता खरंच रुसल्यात, गवत संपलं, तुकारामानं आणखी आणलं. मागची पाखी अर्धी झाली. माजघर साफ केलं. वाळका टाकळा उपटला, चुलीत सारला. माजघरात परत अंधार यायला लागलाय, कोपऱ्यातनं हळूहळू. मजा वाटते. मी मुद्दाम आत जाऊन डोळे मिटून रांजणाची जागा शोधली. चुकले, भिंतीवर आपटले. अक्का बरोबर जायची.

ग तसाच हाय. आता दिव्याबिगर दिसत न्हाई.

देऊ म्हणतो, वैनी, दोन म्हाताऱ्या इथं राहून करणार काय? मी म्हटलं, भांडणार. हसला. मग म्हणाला, घुंगरं असतील माझ्याकडं जुनी, गाईंना बांधतो, गाडी वळणावर आली की हाकलतो इकडं, तिला ऐकू येतील.

पुं. बेळगावला गेलाय, तिला आणायला. न्हाईतर... आणायलाच.

फाल्गुन अमावास्या

उद्या पाडवा. गुढीचा बांबू धुऊन ठेवलाय. गाडी अजून न्हाई. कालच यायला पाहिजे होती असं तुकाराम म्हणतो. दोनदा वळणापर्यंत जाऊन आला. मी म्हटलं, म्हातारं माणूस, हळू आणत असतील. तो व्हय म्हणाला आणि परत गेला.

दार उघडं ठेवलंय.

शेण भिजवून बसले. हात सवयीनं पुढच्या अंगणाकडं गेला. मग शेणाची बुट्टी उचलली आणि मागं गेले. आज परसू आधी सारवलं, कोंबड्यांनी उकरलेलं, फणसाखालचं, सगळं, कोपरा सोडला न्हाई. पुढचं अंगण तसंच हाय. ते तिला सारवू दे, बडबडत.