प्रकाशन पाच वाजता

२७ ऑक्टोबर, सोमवार

हॉल मिळाला! इथल्या मराठी मंडळाचा, दुर्गाघाटाजवळचा. रविवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. सेक्रेटरींनी रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं — बिंदुमाधव, पुस्तक प्रकाशन — आणि मान वर करून विचारलं, "शार्दूल येतोय ना? मग गर्दीची चिंता नाही."

पुस्तक माझं. आमच्या वडिलांवर, अण्णांवर. त्यांची पाठशाळा, त्यांचे विद्यार्थी, आमचं घर. रेल्वेतून रिटायर झालो तेव्हापासून दुसरं काही केलं नाही. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी परत पाठवलं, म्हणून स्वतःच छापतोय. आणि गर्दी कोणामुळे? तर शार्दूलमुळे.

शार्दूल माझा धाकटा भाऊ. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मोबाइल समोर धरून हिंदीत काशीच्या गल्ल्या दाखवत फिरतो. अडीच लाख लोक बघतात. अडीच लाख!

मी तीनशे प्रती छापतोय.

३० ऑक्टोबर

दिवसभर प्रेसमध्ये. प्रेसवाल्या कुशलच्या ऑपरेटरला मराठी येत नाही, त्यामुळे सगळे ळ गेले. 'अण्णांचा काळ' या प्रकरणाचं झालंय 'अण्णांचा काल'. 'पाठशाळा' सगळीकडे 'पाठशाला'. कुशल म्हणतो, "भाईसाहब, समझ में तो आ ही रहा है." मी लाल पेन घेऊन बसलो. एकेक ळ परत आणला.

दुपारी तो अचानक उभाच राहिला. "आप शार्दूलजी के बड़े भाई हैं? अरे, पहले बताते!" मग खुर्ची आली, चहा आला, कुल्हडभर दुधाचा गोड फेस, मलइयो आला. छपाई आठवडाभर आधी देतो म्हणाला. मी महिनाभर तिथे स्टुलावर बसत होतो!

चहा अर्धा ठेवून उठलो.

३ नोव्हेंबर

लतिकाबाई हो म्हणाल्या. प्रमुख पाहुण्या. युनिव्हर्सिटीत तीस वर्षं मराठी शिकवलंय, उगाच कोणाचं कौतुक करत नाहीत. "कोण कोण बोलणार?" विचारत होत्या. म्हटलं, "तुम्ही आणि मी." हे सांगताना किती बरं वाटलं!

घरी आल्यावर अंबिका म्हणाली, "भावजींनाही दोन शब्द बोलू द्या की." कार्यक्रम मराठी आहे, म्हटलं.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा, इथली देवदिवाळी

शार्दूल मुन्शी घाटावरून लाइव्ह. अंबिकाने मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि पोळ्या लाटता लाटता बघत होती. मीही दारात उभा राहून बघितलं. बघायचं नव्हतं.

आणि तो अण्णांची गोष्ट सांगायला लागला! अण्णा पंचगंगा घाटावर दिवे लावायला निघाले, वाटेत एक म्हातारी बसलेली, तिचं तेल सांडलेलं — अण्णांनी आपलं सगळं तेल तिच्या पणत्यांत ओतलं आणि रिकामी बाटली घेऊन घरी आले. माझं चौथं प्रकरण! अण्णा गेले तेव्हा हा पाच वर्षांचा होता. त्याला काय आठवणार? मीच सांगितली होती. शाळेत जायला रडायचा, तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन गल्लीतून नेताना सांगायचो.

ते प्रकरण लिहायला मला दोन महिने लागले. त्याने तीन मिनिटांत संपवलं. चाळीस हजार लोक बघत होते.

चांगली सांगितली. वाईट सांगितली असती तर मला राग आला नसता.

६ नोव्हेंबर

अंबिका म्हणते, चेहरा उतरलाय. प्रुफांमुळे, म्हटलं.

११ नोव्हेंबर

शार्दूल आला होता. नेहमीसारखा आधी वाकून पाया पडला, मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले. सत्तेचाळीसचा झालाय! चिवडा खात खात बाहेर आला.

"दादा, पुस्तकावर एक व्हिडिओ करूया ना. तू फक्त घाटावर बस, दोन पानं वाच. बाकी मी बघतो."

"अण्णांचं पुस्तक आहे. रील नाही."

तो हसला. मी हसलो नाही हे बघून थांबला. "ठीक आहे दादा. मग मी माझ्या लोकांना घेऊन येतो, चालेल ना? फॉर्वर्ड करतो. किती वाजता आहे?"

"साडेसहा."

तोंडातून निघून गेलं — असं लिहिणार होतो. पण नाही. मी क्षणभर विचार केला आणि मग म्हणालो. मला दिसत होतं — लतिकाबाई बोलतायत, तेवढ्यात हा दारातून आत येतोय, आणि सगळ्या माना तिकडे वळतायत. फोन वर होतायत. साडेसहापर्यंत सगळं उरकलेलं असेल.

"पक्का?" त्याने विचारलं.

"पक्का."

जाताना परत पाया पडला.

१६ नोव्हेंबर

कुशलकडून निमंत्रणपत्रिका आल्या. सुंदर! पिवळ्या कागदावर लाल अक्षरं. पाच वाजता, अगदी ठळक. अंबिका नातेवाइकांची पाकिटं करत होती. शार्दूलचं मी देतो, म्हटलं.

ते या वहीत ठेवलंय.

१९ नोव्हेंबर

पुस्तकं आली! टेम्पो मैदागिनच्या पुढे येईना. तिथून ठेल्यावर, आणि ठेलाही चौकात अडकला, तिथून हमालाच्या डोक्यावर. दुकानदार विचारत होते, "क्या है गुरुजी?" — "किताब है, अपनी!" मी ओरडून सांगत होतो. बासष्टाव्या वर्षी!

पहिला गठ्ठा मी स्वतः सोडला. मुखपृष्ठावर अण्णांचा फोटो, खांद्यावर उपरणं. आतला शाईचा वास. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. सगळे ळ जागेवर आहेत. एक प्रत मंगळागौरीच्या देवळात देवीपुढे ठेवून आलो. पुजाऱ्याने हळदकुंकू लावलं, ते अण्णांच्या बरोबर नाकावर लागलं. हसू आलं.

अंबिका म्हणाली, "दुसरी भावजींना द्या."

बघू.

२२ नोव्हेंबर

फोन हातात घेतला. ठेवला. परत घेतला. ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

ऐंशी खुर्च्या. पाचला अकरा माणसं. सव्वापाचपर्यंत वाट पाहिली, सतरा झाली. त्यात मी, अंबिका, लतिकाबाई आणि सेक्रेटरी धरून. सेक्रेटरी सारखे घड्याळ बघायचे. "शार्दूल?" — "येईल." तीनदा विचारलं, तीनदा हेच सांगितलं. अंबिका पहिल्या रांगेत बसली होती. तिसऱ्यांदा मी 'येईल' म्हणालो तेव्हा तिने मान खाली घातली. तिला कळलं असावं.

लतिकाबाई छान बोलल्या. पुस्तक खरोखर वाचून आल्या होत्या, पानांत कागद घातलेले होते. पण आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून परत येत होता. मी अण्णांचं तेलाचं प्रकरण वाचलं. मागच्या रांगेत एक जोशीकाका होते, ते झोपले.

सहा वाजून दहा मिनिटांनी आभार झाले. बाई लगेच निघाल्या, अंधारात गल्लीच्या पायऱ्या त्यांना दिसत नाहीत. मी आणि सेक्रेटरी खुर्च्या मिटून भिंतीला लावायला लागलो.

बरोबर साडेसहाला गल्लीत आवाज. दारात शार्दूल. इस्त्रीचा कुर्ता, हातात हार. आणि मागे माणसं! कॉलेजच्या मुली, घाटावरचे दोन नाववाले, एक बंगाली जोडपं, साड्यांच्या दुकानातले शेठ — साठ तरी असतील. दारात चपलांचा ढीग झाला.

त्याने मिटलेल्या खुर्च्या पाहिल्या. टेबलावरचा वापरलेला हार पाहिला. पेढ्यांचं ताट पाहिलं, त्यात चुराच उरला होता. मग माझ्याकडे पाहिलं. आता विचारेल, सगळ्यांसमोर विचारेल!

तो मागे वळला आणि लोकांना म्हणाला, "भैया ने हम लोगों के लिए अलग से टाइम रखा है. आइए, कुर्सी खोलिए, बैठिए!"

खुर्च्या परत उघडल्या. मी परत तेच प्रकरण वाचलं. एकेक परिच्छेद मराठीत, मग मोडक्या हिंदीत. शब्द अडला की शार्दूल मागून सांगायचा. पुढे आला नाही एकदाही. भिंतीला टेकून उभा होता, माइकची वायर हातात धरून, कारण ती सैल होती. म्हातारीच्या पणत्यांपाशी आलो तेव्हा एक नाववाला डोळे पुसायला लागला. मराठी न येणाऱ्यांनीही पुस्तकं घेतली. म्हणाले, घर में रखेंगे. सह्या करून बोटं दुखली.

आणि घरी येताना माझ्या मनात पहिलं काय आलं? — ही गर्दी त्याची होती. माझी सतराच.

लाज वाटते. पण आलं.

२४ नोव्हेंबर

अंबिका जेवायला वाढताना म्हणाली, "जाऊन या त्यांच्याकडे." एवढंच.

२५ नोव्हेंबर

गेलो. तो खाटेवर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होता. मी बसलोसुद्धा नाही. उभ्यानेच म्हणालो, "शार्दूल, वेळ मी मुद्दाम चुकीची सांगितली होती."

"माहीत आहे दादा."

"कधी कळलं?"

"कुशलने पत्रिकेच्या प्रुफाचा फोटो पाठवला होता. छापायच्या आधीच."

"मग पाचला का नाही आलास?"

त्याने काच उजेडात धरून बघितली. "तू साडेसहा म्हणालास ना."

काच परत पुसत तोच म्हणाला, "वाटलं, पाचला तुझे लोक असतील. तिथे मी आलो की तुझा मूड जातो. बघितलंय मी. मग म्हटलं, आपण साडेसहाला जाऊ, जेव्हा बोलावलंय तेव्हा."

बघितलंय मी! किती वर्षं बघत होता?

चहा त्यानेच केला. आलं जास्त घातलं, मला लागतं तसं. निघताना पिशवीतून त्याची प्रत काढून दिली. सही करताना काय लिहावं सुचेना, नुसतं 'शार्दूलला' लिहिलं. त्याने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

"मराठी हळू वाचतो मी, दादा. वेळ लागेल. हसू नकोस."

३० नोव्हेंबर

सकाळी शार्दूलचा फोन. "वाचून झालं. पेन्सिल घेऊन वाचलं. अण्णा समोर उभे केलेस दादा, खरंच." मग म्हणाला, "यात मी नाहीये ना कुठे?"

"असं कसं, असशील," म्हणालो.

फोन ठेवून पुस्तक घेऊन बसलो. पहिल्या पानापासून, ओळीवर बोट ठेवून. दोनशे बारा पानं.

पान एक्क्याऐंशी. 'धाकटा तेव्हा झोपला होता.'

एवढंच. नावही नाही.