मागच्या बाजूची वीज

६ मे, दुपार
शिडी मी धरली होती म्हणूनच गोमटेश पडला नाही. सोलरची सहाही पॅनल गच्चीवर चढली. पॅनल बसवणारा तोच, पण म्हणत होता, ‘भूपालअण्णा, मागच्या पत्र्यावर साधी टाकू या, लई स्वस्त पडतील.’ त्याला दूरदृष्टी नाही. ही दोन्ही बाजूंनी वीज करतात. मागच्या बाजूला उजेड हवा, म्हणून गच्चीच्या कडेला पुरुषभर उंच सांगाडा केला.

आईची खोली गच्चीवरच. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती जिना उतरत नाही. तिच्या दारात आता सावली. हा फायदा कंपनीच्या पत्रकात छापलेला नाही.

७ मे
आई सकाळी नेहमीसारखी दारात उभी राहिली. हात जोडले नाहीत. पॅनल बघत असावी.

गच्चीला चुना मारला. खालून उजेड परततो. त्रिशलानं विचारलं, मिरच्या आता तुमच्या डोक्यावर वाळवू काय. बायकोला मोठं चित्र दिसत नाही.

आईचं ताट तसंच परत आलं. अष्टमीचा उपास असेल.

८ मे, सकाळ
मागच्या बाजूची वीज अ‍ॅप वेगळी दाखवत नाही. मी बारा टक्के धरतो.

त्रिशला म्हणाली, ‘अष्टमी कवाच झाली. आत्ती काल जेवल्या न्हाईत, आज बी न्हाय. नुसतं पाणी.’ लक्षात आलं. चुन्याची तिरीप तिच्या डोळ्यावर येते. बाजारातून आईला काळा गॉगल आणला.

८ मे, संध्याकाळ
आईनं गॉगल परत दिला. म्हणाली, ‘डोळ्याला काय झालं न्हाय रं. समोरचं दिसंना, एवढंच.’ म्हणजे मोतीबिंदू. बेळगावच्या डॉक्टरांना फोन लावत होतो.

त्रिशलानं मला हाताला धरून आईच्या दारात उभं केलं. काय दिसतंय, विचारलं. पॅनल, म्हणालो. आणि? आणि काही नाही. ‘बस्तीचं शिखर कुठाय?’

दर्शनाशिवाय आई घास घेत नाही. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात जाणं सुटल्यापासून दारातूनच शिखर बघून हात जोडायची. मला माहीत होतं. तिला बस्तीत मीच नेत होतो.

मार्ग काढला. शिखराचा फोटो काढून तिच्यापुढं धरला. आई हसली. ‘मोबाइलच्या पाया पडू व्हय रं?’ पुन्हा आडवी झाली. तिचा हात थंड लागला.

सांगाडा आणखी चार फूट उंच करता येईल, म्हणजे खालून शिखर दिसेल. उद्या सविस्तर विचार करायचा.

९ मे, सकाळ
गोमटेशला त्रिशलानं फोन केला होता. उजाडताच आला. पॅनल उतरवून मागच्या पत्र्यावर सपाट बसवली. मागची बाजू पत्र्याला टेकून आहे. शिडी मी धरली.

आईनं हात जोडले. मग दूध-भाकरी खाल्ली.