खूण वर, खूण खाली

माय, तुझी नात साप पाळते. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता ती कॅनडात, मिसिसागाला विमानतळाजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करते, आणि तुझी सून वारल्यापासून मी तिच्याकडेच राहतो. घराच्या बेसमेंटमध्ये तिचे साप आहेत. प्लास्टिकचे डबे, एकावर एक खण केल्यासारखे, प्रत्येक डब्याखाली उबेसाठी वायर. विषारी नाहीत. अजगराच्या जातीतले, पण लहान, घाबरले की डोकं आत घेऊन चेंडूसारखे गोल होतात. त्यांना खायला उंदीर लागतात, ते गोठवलेले मिळतात आणि आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली असतात. पहिल्या वर्षी मी मटार खाल्लाच नाही. इथल्या मराठी असोसिएशनच्या कार्यक्रमात माझा एक दोस्त भेटतो, तो सगळ्यांसमोर विचारतो, "काय म्हणतात तुमचे जावई? सरपटतात का नीट?" लोक हसतात, मीही हसतो. पण घरी आलो की आधी खाली जाऊन सगळ्या डब्यांच्या कड्या लागल्या आहेत का ते बघतो. वर येतो, चहा ठेवतो, आणि पुन्हा खाली जातो.

तो माझा घोर उगाच नाही. मी नवा आलो तेव्हाच्या हिवाळ्यात एक पिल्लू डब्यातून निसटलं. आम्ही दोघांनी घर पालथं घातलं. बर्फ वितळल्यावर मी घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या मागे झाडू घातला, तर ते पिल्लू सुतळीच्या तुकड्यासारखं वाळून बाहेर आलं. मी ते तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "माझीच चूक, कडी अर्धवट लागली असणार." रडली नाही. पण त्या दिवसापासून कड्या बघणं हे माझं काम झालं, आणि खरं सांगतो, या देशात आल्यापासून मला मिळालेलं ते पहिलं काम. बाकी सगळं ती करते, नाहीतर मशीन करतं. मी शाळेचा शिपाई माणूस, घंटा देणारा, खोल्या उघडणारा. रिकामे हात मला सहन होत नाहीत.

यंदा तिच्या जुन्या मादीनं अंडी घातली. कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नसतात ती, चामड्यासारखी मऊ आणि लांबट. मुलीनं ती एकेक करून अलगद सोडवली, ओलसर भुशात ठेवली आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं एक फुली मारली. मग तो डबा उबेच्या पेटीत ठेवला. मी शेजारी उभा होतो. त्या फुल्या बघितल्या आणि, माय, मी एकदम तुझ्या चुलीपाशी जाऊन बसलो.

ती भुशाचं कुटार घातलेली टोपली. तुझी लाल कोंबडी खुडूक बसलेली, आणि मुंगसानं तिला खुराड्यातून ओढून नेलेलं. पिसं तेवढी राहिली होती. तू अंडी पदरात घेतलीस आणि चुलीच्या बाजूला टोपलीत ठेवलीस. कोळशानं प्रत्येकावर एका बाजूला खूण केलीस. सकाळी खूण वर, संध्याकाळी खूण खाली. मी शाळेतून आलो की दप्तर ठेवायच्या आधी तू विचारायचीस, "अंडे फिरवले का रे? नाही फिरवले तर पिलू कवचाले चिपकून मरते आतल्या आत." एकदा मी विसरलो तर तू जेवायला वाढता वाढता थांबलीस, म्हणालीस, "ते बोलू शकत नाही म्हणून त्याईची आठवण आपल्याले ठेवा लागते." शाळेत जे शिकलो त्यातलं फार काही उरलं नाही. हे वाक्य उरलं.

मुलगी कामाच्या ट्रेनिंगला वॉटर्लूला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, फक्त टेम्परेचर बघा. आकडा खाली आला तर मला फोन करा." मी आकडा बघत राहिलो. आकडा जागचा हलत नव्हता. पण त्या फुल्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, ही शिकलेली पोरगी, खूण केली पण फिरवायचं सांगायला घाईत विसरली. मग मी रोज सकाळी हात धुऊन, चष्मा पुसून, पेटी उघडायचो आणि अंडी फिरवायचो. फुली खाली, दुसऱ्या दिवशी फुली वर. इतक्या हलक्या हातानं की तू बघितलं असतंस तर काही बोलायला जागा राहिली नसती. ती परत आली त्या दिवशी फुल्या वर होत्या. तिला काहीच वेगळं दिसलं नाही.

पुढे अंडी पिवळी पडली, मग त्यांना खळगे पडले, एकावर बुरशी आली. ती रोज कामावरून येऊन कोटसुद्धा न काढता खाली जायची. पेटीचा थर्मोस्टॅट बदलला. भुशात पाणी जास्त झालं का म्हणून भुसा बदलला. कुठल्या कुठल्या लोकांना फोन करून विचारायची. शेवटी एका संध्याकाळी अंड्याला टॉर्च लावून बसली होती आणि आत जिवंत शिरांचं काही लाल दिसत नव्हतं. ती म्हणाली, "आय डोन्ट नो, बाबा. सगळं बरोबर केलं मी. काय चुकलं तेच कळत नाही." मला तिची दया आली. तिला धीर द्यायला म्हणून मी म्हणालो, "तू नव्हतीस तेव्हा फिरवायला मात्र मी एक दिवस चुकलो नाही हं."

तिनं टॉर्च बंद केला. "फिरवली?"

"रोज सकाळी. खूण वर, खूण खाली."

ती पायरीवर बसली. मग हळू म्हणाली, "बाबा, ती खूण फिरवू नये म्हणून असते. सापाचं पिल्लू वरच्या बाजूला धरून असतं. उलटं केलं की ते खाली दबून मरतं." मी म्हणालो, "कोंबडीचं तर..." ती म्हणाली, "कोंबडीचं वेगळं असतं. इट्स ओके. मी सांगायला हवं होतं."

तिनं लहान कात्रीनं अंडी उघडली. मी वर जायला निघालो तर म्हणाली, "थांबा ना." म्हणून थांबलो. माय, दोन अंड्यांत नुसतं पिवळं पाणी होतं. बाकीच्यांत पिल्लं होती. करंगळीपेक्षा बारीक, डोळे मोठे, गुंडाळलेली. एकाच्या अंगावर नक्षीसुद्धा उमटायला लागली होती. ती सगळं कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकणार होती, मी म्हणालो नको. मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्याशेजारी मी खड्डा केला. माती ओढताना तिनं विचारलं, "आजी पण अशी अंडी ठेवायची ना? मग तिची निघाली का पिल्लं?"

मी म्हणालो, "निघाली. सगळी."

ती म्हणाली, "शी वॉज गुड." आणि हात झटकून आत गेली.

त्यानंतर तिनं पिल्लांचं नाव काढलं नाही. माझ्याशी नीट बोलते, औषधं आठवणीनं देते. पण काल जेवताना म्हणाली, ती जुनी मादी ब्रॉसार्डच्या एका साप पाळणाऱ्या बाईंना देऊन टाकायची ठरवलीय, शनिवारी त्या घ्यायला येतील. मग हळूहळू बाकीचेही साप जातील. मी म्हणालो, माझ्यामुळे देऊ नकोस, मी आता खाली पाऊलही ठेवणार नाही. ती म्हणाली, "तुमच्यामुळे नाही, बाबा. मला जमत नाही. काही लोकांच्या हाताला असतं ते. आजीच्या होतं."

तेव्हापासून हे तुला लिहायचं मनात आहे. कारण तुझी अंडी निघाली नव्हती, माय. एकही नाही. दिवस भरून वर गेले तरी तू फिरवत होतीस. एका दुपारी एक अंडं फुटलं आणि घरभर वास सुटला. मुंगसानं कोंबडी नेली आणि आपल्याला कळलं त्याच्या मधल्या वेळात अंडी गार पडून गेली असतील. म्हणजे तू मेलेलीच अंडी फिरवत होतीस, आणि माझ्याकडूनही फिरवून घेत होतीस. तुला आधीच कळलं होतं का, हे मला विचारायचं होतं. तू ती उकिरड्यात पुरलीस, टोपली घासलीस आणि उन्हात पालथी घातलीस. त्या दिवशी भाकरी थापताना तुझी पाठ माझ्याकडे होती. पुढं दुसरी कोंबडी खुडूक बसली तेव्हा तू तीच टोपली खाली काढलीस. एवढंच. हे तिला सांगितलं तर कदाचित तिला बरं वाटेल, मादी ठेवूनही घेईल. पण मग रोज सकाळी मी पेटी उघडून जे केलं ते कशाच्या भरवशावर केलं, असं तिनं विचारलं तर माझ्याकडे काय राहतं?

मी मुंबईला होतो तेव्हा तुला पत्रं लिहायचो, ती मास्तर तुला वाचून दाखवायचे. मास्तर वाचणार म्हणून मी त्यात नेहमी सगळं ठीक आहे एवढंच लिहिलं. हे कुणी वाचणार नाही. म्हणून लिहितो, की तुझी अब्रू राखायला मी ते खोटं बोललो असं मी इतके दिवस स्वतःला समजावत होतो, पण ते तसं नव्हतं, राखली ती माझीच. शनिवार परवा आहे. ती खाली आहे, मादीचा डबा धुतेय, नळाचा आवाज येतोय. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलोय आणि अजून उतरलेलो नाही.