जिवंत असल्याची सही

२८ ऑगस्ट, सोमवार

नामंजूर!

कारण एका ओळीत दिले आहे — ‘शुल्काची जबाबदारी घेतलेला पालक हयात आहे.’ विद्यार्थी कल्याण कार्यालयातील बाईंनी ते मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू हयात असणे हा माझा हलगर्जीपणा होता.

नियम स्पष्ट आहे, नियमाविषयी माझी तक्रार नाही. प्रवेशाच्या वेळी ज्याने पालक म्हणून सही केली, तो मरण पावल्यास विद्यार्थ्याचे पुढील सर्व शुल्क माफ होते. माझ्या मुलीच्या, यादिराच्या, प्रवेशपत्रावर सही माझी आहे. शुल्क मात्र तिची आई भरत होती — अंगणातल्या भट्टीत चाप्ला, म्हणजे आमच्याकडचा चपटा पाव, भाजून, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात विकून. माझ्या मास्तरकीच्या निवृत्तिवेतनात घर चालते, विद्यापीठ चालत नाही.

मार्चमध्ये याच खिडकीपाशी माझ्या पत्नीने, तेओफिलाने, पेन हातात घेतले होते. मी ते काढून घेतले. ‘तुझी सही वाकडी येते,’ म्हणालो. मागे रांग होती, लोकांनी ऐकले. ती शाल सारखी करत बाजूला झाली.

नऊ जुलैला ती गेली.

२८ सप्टेंबरपर्यंत दुसऱ्या सत्राचे शुल्क भरले नाही, तर यादिराचे नाव पहिल्याच वर्षी पटावरून कमी होईल.

३० ऑगस्ट, बुधवार

यादिराने साऱ्या शिष्यवृत्त्यांची यादी केली. जेवताना वाचून दाखवली. ‘ही जंगलाकडच्या मुलांना. ही जुळ्यांना, पप्पा! ही पोहणाऱ्यांना. आणि ही विद्यापीठाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांना — मी महिन्याभरात ट्रॉम्बोन शिकू का?’

जुलैनंतर प्रथमच या घरात कोणी हसले.

नंतर ती गंभीर झाली. ‘पहिल्या वर्षाला काहीच नसतं हो. आधी गुण दाखवा म्हणतात, गुण दाखवायला आधी फी भरा म्हणतात.’

मी फेरविचाराचा अर्ज लिहिला. दोन पाने. तेओफिलाचा मृत्यूचा दाखला जोडला. सत्य तेच मांडले — सही माझी, कष्ट तिचे. यादिराने तो वाचला आणि म्हणाली, ‘पप्पा, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?’

४ सप्टेंबर, सोमवार

अर्ज दाखल केला. समाजसेविका घरी येऊन चौकशी करील. वार सांगत नाहीत — सांगितला की लोक घर रिकामे करून ठेवतात!

माझी मेहुणी फोर्तुनाता हे ऐकताच शेजारच्या घरून आली. ‘दाजी, फ्रीज आमच्याकडे टाका. टीव्हीपण. सगळी गल्ली असंच करते. आणि तुम्ही जरा वाकून चाला, लई ताठ दिसता.’

‘मी खोटे बोलणार नाही.’

‘तुम्ही कशाला बोलताय? फ्रीज गप्प राहील की!’

जाता जाता दारात थबकली. माझ्या अंगावरच्या करड्या कोटाकडे पाहत राहिली. ‘हा अजून घालताय?’

मृत्यूनंतर पाचव्या दिवशी गेलेल्याचे कपडे नदीवर धुण्याची आमच्याकडे रीत आहे; तेओफिलाचे धुतले, तेव्हाची गोष्ट आहे. गाठोडे मी बांधले होते. पहाटे भट्टीपाशी ती माझा कोट खांद्यावर घेत असे, म्हणून तो तिच्याच खुंटीवर होता; तिच्या कपड्यांबरोबर तोही गेला. पाण्यात बुडाल्यावर बायकांनी ओळखला. धुणे थांबले. कोणी कोणाकडे पाहीना. अखेर फोर्तुनाताच ओरडली होती, ‘मेलेल्याच्या धुण्यात जित्याचं कापड! नदीला कसं कळायचं कोण गेलं ते?’

मी पदवीधर मनुष्य आहे. कोट स्वच्छ निघाला, एवढेच मला दिसले.

१२ सप्टेंबर, मंगळवार

समाजसेविका येऊन गेली. मी घरी नसताना!

सकाळी निवृत्तिवेतनासाठी बँकेत गेलो होतो. यादिरा सातलाच वर्गाला गेली होती. अकराला परतलो, कुलूप माझ्या किल्लीने उघडले. टेबलावर दोन पेले होते — मुन्याचा, म्हणजे डोंगरी पुदिन्याचा काढा, एकात अजून वाफ. बशीत चाप्ला, अर्धा मोडलेला. शेजारी छापील चिठ्ठी — ‘गृहभेट पूर्ण. कुटुंबातील प्रौढ व्यक्तीने माहिती दिली. — बेन्देसू.’

फोर्तुनाता असणार. दुसरे कोण?

१३ सप्टेंबर, बुधवार

फोर्तुनाता नव्हती. ‘मी? दिवसभर बाजारात टोपलीपाशी होते! आणि असते, तर तुमच्या फ्रीजवर चादर नसती का टाकली?’ मग तिने अंगठ्याचा क्रूस करून त्याचे चुंबन घेतले. ती अशी शपथ सहसा घेत नाही.

यादिराही नाही म्हणाली. तिच्या वहीत त्या दिवसाची हजेरी आहे. मी पाहिली. तिची हजेरी तपासली याची लाज वाटली.

भट्टी जुलैपासून पेटलेली नाही. आज राखेत हात घातला. गार होती. अगदी तळाशी मात्र — नाही, नको. तळाशी हात घातला नाही, असेच लिहितो.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

शांतपणे, क्रमाने लिहितो.

कार्यालयात कुमारी बेन्देसू भेटल्या. तरुण, विनयशील, काखेत फाइल. मी यादिराचे नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

‘तुम्ही तिचे काका का? वहिनींना सांगा, काळजी करू नका म्हणावं. मी शिफारस केलीय.’

‘कोणत्या वहिनी?’

‘यादिराच्या आई हो. किती धीराची बाई! मास्तर नऊ जुलैला कसे गेले, सगळं सांगितलं. डोळ्यात पाणी नाही, पण हात सारखा टेबलावरून फिरवत होत्या. जाताना गरम चाप्ला दिला बांधून.’

तेओफिला बोलताना टेबलावरून हात फिरवीत असे. पीठ झाडल्यासारखा.

मी म्हणालो, ‘चूक झाली आहे. यादिराचा पिता मी —’

‘चूक नाही झाली, मी दोनदा विचारलं ना! त्यांनी प्रवेशपत्रावरची सही दाखवली. म्हणाल्या, “बघा, ह्यांची सही. केवढी सुरेख! माझी वाकडी येते, म्हणून ह्यांनी केली.”’ आणि मग मृदू आवाजात, ‘दुःखात माणसाला काय बोलतोय ते कळत नाही. बसा तुम्ही. पाणी देऊ?’

फक्त एक गोष्ट उरली आहे. फाइलमधील मृत्यूच्या दाखल्याची प्रत पुसट आली असून त्यावरील नाव वाचता येत नाही. नवी प्रत २८ तारखेपर्यंत हवी.

उत्तम. नव्या प्रतीवर तेओफिलाचे नाव असेल आणि सारे सरळ होईल. मी चूक दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

नोंदणी कार्यालय. खिडकीत माझाच जुना विद्यार्थी — इस्माएल पाल्कोमिनो, पाचवीत गणितात दोनदा नापास. ‘मास्तर! या या!’ त्याने प्रत काढली, शिक्का मारला, आणि मग वाचली.

तारीख बरोबर. वेळ बरोबर. आजार बरोबर. वॉर्डाचा क्रमांक बरोबर. नाव माझे.

‘अरेच्चा!’ इस्माएल हसू लागला. ‘मास्तर, तुम्ही तर वारलात! घाबरू नका, यंदाचे तुम्ही चौथे. एकाची तर बायको म्हणाली, राहू दे तसंच, बरं दिसतंय.’

‘दुरुस्त कर.’

‘माझ्या हातात नाही ना! पण सोपं आहे. पेन्शनीसाठी जिवंत असल्याची सही करायची असतेच ना तुम्हाला? मुदत अठ्ठावीसची आहे. ती केलीत, की ही नोंद आपोआप रद्द. मेलेला माणूस सही करायला येतो होय?’

मी विचारले, ‘आणि माझ्या पत्नीची नोंद?’

त्याने नाव टाइप केले. पडदा माझ्याकडे वळवला.

हयात.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचले. इस्माएल म्हणाला, ‘तुमची सही झाली, की हेही बदलेल बघा. दोन्ही नोंदी एकाच कागदाच्या दिसतायत.’

२० सप्टेंबर, बुधवार

यादिराला सर्व सांगितले. दाखला दाखवला. तिने तो उजेडात धरून दोनदा वाचला.

‘मग सही करून या ना पप्पा. त्यात विचार कसला?’

‘शिष्यवृत्ती जाईल.’

‘जाऊ दे. फीसाठी काय बापाला मेलेला दाखवू?’ मग उठून भांडी घासू लागली, पाठमोरी. ‘लिमाला मावशीच्या ओळखीत शिवणयंत्रावर काम आहे. दोन वर्षांनी परत प्रवेश घेता येतो म्हणे.’

दोन वर्षांनी परत आलेली एकही मुलगी माझ्या पाहण्यात नाही. तिलाही हे ठाऊक आहे.

शरीरशास्त्राचे पुस्तक तिने परत करण्यासाठी दाराशी ठेवले आहे. त्यावर चाप्लाच्या पिठाची बोटे उमटली होती.

आयुष्यात मी कागदावर खोटे लिहिले नाही. एकाही मुलाला एक गुण वाढवून दिला नाही. तथापि त्या पडद्यावरचा शब्द डोळ्यांपुढून जात नाही. सही केली, तर तो शब्द मीच माझ्या हाताने खोडणार. तिला मी दुसऱ्यांदा पुरणार.

२१ सप्टेंबर, गुरुवार

फोर्तुनाता म्हणते, ‘कोट घेऊन नदीवर जा. स्वतःला नावानं तीनदा हाक मारा, आणि तुम्हीच ओ द्या. नदी ऐकते. फक्त उशीर करू नका दाजी, माझ्या डोळ्यांना तुम्ही पातळ दिसायला लागलाय.’

‘पातळ म्हणजे?’

‘धुवून धुवून कापड होतं तसे.’

मी गेलो नाही. कोट अंगातच आहे. थंडी वाजते.

२४ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये पाद्र्यांनी मृतांच्या यादीत माझे नाव घेतले. कोणी वळून पाहिले नाही. सर्वांबरोबर मीही ‘आमेन’ म्हणालो.

२६ सप्टेंबर, मंगळवार

भट्टी पेटली आहे. अंगणात धूर दिसतो. मी जवळ गेलो नाही — गेलो तर विझेल, असे वाटले.

फोर्तुनाता आली. माझ्या खुर्चीच्या अगदी जवळून गेली. तिच्या शालीची झालर माझ्या गुडघ्याला लागली. स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावून म्हणाली, ‘ताई, मीठ जरा जास्त टाक गं. काल गिऱ्हाइकं बोलली.’

आतून हसण्याचा आवाज आला.

मी हाक मारली. फोर्तुनाताने दार लावून घेतले — वारा आला की लावतात तसे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दाढी केली. ओळखपत्र एका खिशात, दाखला दुसऱ्या खिशात. निवृत्तिवेतनाचे आणि विद्यार्थी कल्याणाचे, दोन्ही कार्यालये एकाच चौकात समोरासमोर आहेत.

आधी निवृत्तिवेतनाच्या रांगेत उभा राहिलो. पुढे बत्तीस वृद्ध — काठ्या, खोकले, तक्रारी. एक आजी सर्वांना सांगत होत्या, ‘दरवर्षी सांगतो जिवंत आहे म्हणून, ह्यांचा विश्वासच बसत नाही!’ लोक हसले. मलाही हसू आले.

पाळी आली. खिडकीतली मुलगी मला पाहू शकत होती. दोऱ्याने बांधलेले पेन तिने पुढे सरकवले. ‘इथं करा सही, आजोबा. जिवंत आहात ना?’

चांगला प्रश्न होता. इतका थेट कोणी विचारला नव्हता.

चौकाच्या पलीकडे यादिरा दिसली. पुस्तक छातीशी धरून ग्रंथालयाच्या पायऱ्या चढत होती, परत करण्यासाठी. अर्ध्या पायऱ्यांवर थांबली. पुस्तक उघडून उभ्यानेच वाचू लागली. माणसे तिला चुकवून पुढे जात होती. ती वाचतच होती.

मी पेन खाली ठेवले. मागच्या गृहस्थांना म्हणालो, ‘या, तुम्ही करा.’

चौक ओलांडला. दाखला खिडकीतून आत सरकवला. कारकून बाईंनी मान वर न करता शिक्का मारला. त्यांचे हात माझ्या हातातून आरपार गेल्यासारखे वाटले. थंडी मात्र त्याच क्षणी थांबली.

हे माझे पहिले असत्य. हे लिहितानाही अक्षर नेहमीइतकेच सुवाच्य आले आहे, याचे आश्चर्य वाटते.

२ ऑक्टोबर, सोमवार

मंजूर!

पत्र तेओफिलाच्या नावाने आले. तिनेच फोडले, यादिराला जवळ बसवून अक्षराखाली बोट धरत सावकाश वाचले. शेवटच्या ओळीला दोघी रडल्या.

मग तिने डोळे पुसले. ‘अहो, ऐकलंत ना?’ तिने विचारले.

भिंतीवरच्या फोटोला.