बर्निसचं हसू

३ एप्रिल १९९०, मंगळवार

वकिलाचं पत्र आलं! ‘मावशीचा विग’ हे गाणं ताबडतोब थांबवा, नाहीतर कोर्टात या. प्रत्येक कडव्यानंतर जी बाई हसते, ते हसू एल्सवर्थ टिब्स नावाच्या माणसाच्या ऑर्गनच्या जुन्या रेकॉर्डवरचं. न विचारता उचललेलं. उचललं मी. चर्चच्या जुन्या सामानाच्या बाजारात ती रेकॉर्ड मलाच सापडली होती.

ग्रुपमधल्या रॉइस आणि क्विन्सीला मीच म्हणाले होते — कोण विचारतंय! म्हातारा कधीच मेला असेल.

जिवंत आहे. नेवार्कला राहतो.

५ एप्रिल

रेकॉर्ड कंपनीचा माणूस ओरडला — “ग्रुपचं नाव म्हणे ‘तीन शिंका’! न्यूमोनिया मला झालाय!” दुकानांतल्या रेकॉर्ड परत मागवणार. दौरा रद्द.

रॉइसने या दौऱ्यासाठी टपाल खात्यातली नोकरी सोडली. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

६ एप्रिल

जेवण गेलं नाही.

८ एप्रिल, रविवार

क्विन्सी म्हणाला, “आयव्ही, वकील गेला खड्ड्यात. म्हाताऱ्यालाच भेटू.” प्रार्थना संपल्यावर निघालो. आईने लिंबाचा केक हातात कोंबला — “माफी मागायला रिकाम्या हाताने जातात का गं?”

दार उघडलं. सत्तरीचे, उंच, टाय लावलेले. “तुम्हीच का ते चोर?”

मी “हो” म्हणाले आणि रडूच कोसळलं. शी! रॉइसने केक पुढे केला.

आत बसवलं. मी सगळं सांगितलं — रेकॉर्ड मी उचलली, या दोघांचा दोष नाही.

“गाऊन दाखवा,” म्हणाले. तिथेच! क्विन्सीने तोंडाने ठेका धरला. रॉइस मावशी होऊन बसमध्ये चढला, मावशीचा विग उडाला, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर बसला... आणि हसण्याची जागा आली. तिघंही अडलो. ते हसू आमच्याकडे नव्हतंच ना!

मिस्टर टिब्स चपलांकडे बघत होते. “ती बर्निस. माझी बायको. वाजवताना माझा सूर चुकला म्हणून हसली. अकरा वर्षं झाली तिला जाऊन.”

आम्ही टोप्या काढल्या.

“परवा एका गाडीच्या रेडिओवर ऐकलं. अख्ख्या रस्त्यावर हसत होती! वकिलाला सांगून आठवडाही झाला नव्हता. आणि मी काय केलं? सिग्नल सुटला तसा त्या गाडीमागे धावलो. या वयात!”

परवानगी देतो म्हणाले! अटी दोन. रेकॉर्डच्या पाकिटावर तिचं नाव हवं. आणि — “तुम्ही तिला मध्येच तोडता. तोडू नका. पोटभर हसू द्या.”

परतीच्या गाडीत रॉइस पहिल्यांदा बोलला — “आयव्ही, पुढच्या वेळी माणूस मेलाय का ते बघून घे हं!” काय हसलो तिघंही! लोक वळून बघत होते.

१९ एप्रिल

सही झाली. पत्र मागे घेतलं. दौरा होणार! दोन ताटं तळलेले मासे खाल्ले. आई म्हणाली, “आता माणसात आलीस.”

२ मे

गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. अख्खं हसू — सव्वीस सेकंद! कंपनीचा माणूस कुरकुरला, “इतका वेळ कोण हसतं?” मिस्टर टिब्सनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

१६ जून, क्लीव्हलंड

सकाळी हॉटेलवर फोन. बाईचा आवाज — “डेट्रॉइटहून बोलतेय. बर्निस टिब्स. पाकिटावर माझं नाव कोणी टाकलं?”

माझी बोबडीच वळली. “पण... मिस्टर टिब्स म्हणाले तुम्ही गेलात!”

“गेलेच होते. बॅग भरून!” आणि हसली. तेच हसू! थांबेचना.

मग हळूच विचारलं — “अजून त्याच घरात राहतो का गं तो?”