टायरवरचे चार आकडे

प्रिय भिंगरी,

गेल्या पाच महिन्यांत ‘गाडी विकली का?’ हे तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी ‘बघतेय गं, चांगलं गिऱ्हाईक मिळू दे’ म्हणत वेळ मारून नेली. आता खरं सांगते. गिऱ्हाईक पहिल्याच महिन्यात मिळालं होतं. गाडी मात्र अजून आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुझ्याच कोपऱ्यात उभी आहे, आणि तिच्यापासून तीन पावलांवर, कापड बेतायच्या टेबलावर जागा करून मी हे लिहितेय. दोन कोट उद्या द्यायचेत, ते थांबतील. तू पडल्यापासून दोन चाकांना हात लावला नाहीस, सायकललासुद्धा, आणि ‘ती गाडी मला नजरेसमोर नको’ म्हणून बदली मागून तिकडे गेलीस. म्हणून म्हणते, चिडू नकोस, शेवटपर्यंत वाच. पाकिटात कागदात गुंडाळलेली एक वस्तू आहे, ती इतक्यात उघडू नकोस. तुझी घाई मला ठाऊक आहे.

तर ते गिऱ्हाईक. औषधाच्या दुकानाचा मालक, पोक्त, गोडबोल्या माणूस. त्याने टाकी पाहिली, साखळी पाहिली, इंजिन चालू करून कान लावून ऐकलं. हँडल वाकलं होतं, एक बाजू खरवडली होती, सगळं दुरुस्त करून घेतलंय, हे मी न लपवता सांगितलं. मग तो उकिडवा बसला, पुढच्या टायरमध्ये नख रोवलं आणि म्हणाला, ‘ताई, हे दोन्ही टायर बदलून द्या, मग गाडी माझी.’ माझं डोकंच फिरलं. ‘अहो, नक्षी बघा की, कोरीकरकरीत आहे! आधी दंतवैद्याची गाडी होती, रविवारपुरती बाहेर निघायची.’ तो हसला. म्हणाला, नक्षीचं काय घेऊन बसलात, वय बघा. टायरला मेलं कसलं वय, असं मी मनात म्हटलं आणि त्याला चहाही विचारला नाही.

तुझ्या बाबांना छापखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण मुद्रितं तपासायची सवय काही सुटलेली नाही. मिठाच्या पुडीवरचा मजकूरही ते चूक सापडेपर्यंत वाचतात. तो माणूस गेल्यावर ते भिंग घेऊन खाली बसले आणि त्यांनी टायर वाचला. अक्षरशः वाचला गं, गोल गोल सरकत, पहिल्या अक्षरापासून पुन्हा पहिल्या अक्षरापर्यंत. मग कमरेवर हात ठेवून उठले आणि म्हणाले, ‘मुद्रणदोष एकही नाही. पण एका लांबट चौकटीत चार आकडे आहेत, दोन दोन एक तीन. त्यांचा संदर्भ लागत नाही.’ संदर्भ लागला नाही की यांना जेवण जात नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वखारीसमोरच्या टायरवाल्याकडे गेलो.

तो टायरवाला तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलणारा. यांनी चिठ्ठीवर लिहून नेलेले आकडे पाहून त्याची एक भुवई वर गेली. म्हणाला, पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. तेरा सालचा बाविसावा आठवडा, त्या आठवड्यात हा टायर कारखान्यात तयार झाला. ‘रबर नुसतं उभं राहूनही वाळतं, बाई. वरून नक्षी शाबूत, आतून लाकूड. कोरड्या रस्त्यावर, उन्हात तापलेलं असेल तर कळतही नाही. गार, ओलसर सकाळी कळतं.’ आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तिथल्या स्टुलावर बसले. तेरा साली तू नववीत होतीस. आणि तू पडलीस ती सकाळ गार होती, रस्ता ओला होता.

माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी काय सांगते, आठवतं? इलॅस्टिक ताणून बघितल्याशिवाय शिवायचं नाही. पुडी फोडलेली नसली तरी आतलं इलॅस्टिक म्हातारं होतं, दिसायला नवं आणि ताणलं की करकर वाजतं. तीस वर्षं हे जगाला शिकवलं आणि घरातल्या टायरवर प्रेमाने हात फिरवत बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या स्टुलावर बसल्या बसल्या माझं दोन गोष्टींबद्दल ठरलं. गाडी विकायची नाही, आणि नवे टायर मी स्वतः पारखून घ्यायचे.

मग काय, रोज दुपारी शटर अर्धं ओढून मी वखारीसमोर हजर. टायरवाल्याने तीन जाती दाखवल्या. पहिला शर्यतीच्या वळणाचा, मऊसूत, पण चांगला तापल्याशिवाय धड पकड न घेणारा. तू कामावर जाणार वीस मिनिटं, तो तापणार कधी आणि धरणार कधी? दुसरा वर्षानुवर्षं टिकणारा, पण ओल्यात भरवसा नाही, तो मी नुसत्या मानेनेच नाकारला. तिसरा मधल्या पट्ट्यात कडक आणि दोन्ही कडांना मऊ, पाणी बाहेर फेकायला खोल पन्हळी असलेला. हा मला लगेच समजला. पँटचं बूड झिजतं म्हणून तिथे मी दुहेरी कापड घालते, सगळी पँट दुहेरी शिवत नाही. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजतो, वळताना कडा टेकतात. मी म्हटलं, हाच, आणि पुढे-मागे जोडी एकाच जातीची.

तेव्हा तो म्हणाला, मागे एकशे साठऐवजी एकशे ऐंशी मिलिमीटरचा रुंद टायर टाका, मागून रुबाब येतो, सगळे तसाच नेतात. मी टेप काढला आणि चाकाच्या लोखंडी कड्याची रुंदी मोजली. कडं तेवढंच आणि टायर रुंद, म्हणजे त्याच्या कडा आत आवळणार, त्याचा गोलावा बिघडणार, वळायला गाडी कुरकुरणार. नाकापेक्षा मोती जड कशाला? ज्या मापाची गाडी, त्या मापाचा टायर. त्याची दुसरी भुवईही वर गेली. मग यांनी भिंग काढलं आणि दुकानातले टायर एकेक करून वाचले. पहिला निघाला तीन वर्षांपूर्वीचा, परत. दुसरा दीड वर्षाचा, परत. चौथी जोडी निघाली ताजी, सात आठवड्यांची. मला ती बाळंतिणीच्या खोलीतून आणल्यासारखी वाटली.

पण खरी गंमत पुढेच. टायर चढवून झाला, हवा भरली, कारागीर हात पुसायला लागला आणि हे म्हणाले, ‘थांबा. बाण उलटा आहे.’ टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो, आणि पुढच्या टायरचा बाण मागे तोंड करून होता! सगळं दुकान गोळा झालं. कारागिराने कान पकडले, टायर काढून सुलटा बसवला, आणि त्या दिवसापासून टायरवाला यांना ‘सर’ म्हणतो. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी मोठी चूक पकडली नव्हती, असं हे आल्यागेल्याला सांगत सुटलेत.

आता बसली असशील तरच पुढचं वाच. नवा टायर पहिले दीड-दोनशे किलोमीटर निसरडा असतो, सावकाश चालवून त्याच्या अंगावरचा गुळगुळीतपणा घालवावा लागतो. कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय मी कधी कापत नाही, तसंच. पण चालवणार कोण? हे तर मागे बसायलाही घाबरतात. मी चालवली. हो, तुझ्या आईने, छप्पन्नाव्या वर्षी! गिअरची स्कूटर मी पंचवीस वर्षं कापडाचे गठ्ठे लादून चालवलीय, अगदीच अडाणी नव्हते. गाडी शिकवायच्या शाळेत जाऊन शिकले, दोन महिने लहान गाडीवर, मग हिच्यावर. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून लहान आणि माझ्यापेक्षा कडक. तिसऱ्या दिवशी मी जागच्या जागी गाडीसकट आडवी झाले, तेव्हा हसायचं सोडून म्हणाल्या, ‘काकू, उचला आता, ज्याने पाडली त्याने उचलायची.’ उचलली. परवाना मिळाल्यावर रोज सकाळी पंधरा किलोमीटर, दोन आठवडे. एकदा एक सायकलवाला मला मागे टाकून गेला आणि वर हात हलवला, तेवढा अपमान सोसला.

आणि परवा रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळ गार, रस्ता ओला. मी पाणीपुरवठ्याच्या टाकीजवळच्या त्या वळणावर गेले, जिथे तू पडलीस. आधी सोबत आलेल्या शिकवणाऱ्या बाई त्यांच्या गाडीवरून वळल्या आणि पलीकडे उभ्या राहिल्या. मी वेगाच्या काट्याकडे पाहिलं, चाळीस. हात सैल ठेवला, नजर वळणाच्या शेवटाला लावली आणि गाडी कलली गं, इतकी हलकी, इतकी शहाण्यासारखी, आणि ओल्या रस्त्याला धरून सरळ बाहेर आली! मी हेल्मेटच्या आत ओरडले. मग परत फिरून पुन्हा वळले, मग पुन्हा. नऊ वेळा वळले. शेवटी बाईंनीच हात जोडले.

आता तो कागद उघड. जुन्या टायरचा तुकडा आहे, मी कापडाच्या कात्रीने कापायला गेले तर कात्रीची धार गेली, शेवटी टायरवाल्याने कापून दिला. त्यावरचे चार आकडे वाच आणि अंगठ्याने दाब. दबतो का बघ. हा तुकडा फोनवरून पाठवता येत नव्हता, म्हणून हे पत्र. पडायच्या आदल्या वर्षी तू मला विचारलं होतंस, ‘आई, टायर कडक लागतात का गं?’ तुझ्या बोटांना कळलं होतं. मी नक्षीवरून हात फिरवला, रबर दाबून पाहिलं नाही, आणि म्हटलं, चांगल्या वस्तूला खोट काढू नकोस. मग दवाखान्यात, हाताला प्लास्टर असताना, तू म्हणालीस, ‘चाळीसवर होते गं, आई.’ आणि मी, तुझी आई, म्हणाले, ‘चाळीसवर कोणी पडतं का? तुला वेग आवरत नाही, हेच खरं.’ तू भिंतीकडे तोंड केलंस आणि त्यानंतर तो विषय कधी काढला नाहीस. भिंगरी, तू चाळीसवरच होतीस. तुझं काही चुकलं नव्हतं. चुकले ती मी, आधी टायर पाहताना आणि मग तुला पाहताना. मला माफ कर. किल्ली पाकिटाच्या तळाशी आहे. जोडी वळणाला तयार झालीय, हवा रोज सकाळी गाडी गार असताना हे स्वतः तपासतात. ये आणि घेऊन जा.

तुझीच,
चाळीसवर नऊदा वळलेली,
आई